डब्याचे पाढे

त्या रविवारी स्वरदा पंचवटीतल्या घरी पोचली तेव्हा आईने संगणकाला बाबांची कानटोपी घातली होती.

नीट पाहिल्यावर कळलं की टोपी संगणकाला नव्हती. ओट्याच्या कोपऱ्यात एक काळा चपटा डबा, डब्यावर स्टीलचं पातेलं, पातेल्यावर ताटली आणि या सगळ्या उतरंडीवर ओढून बसवलेली करड्या लोकरीची टोपी. डब्याच्या पाठीतून निघालेली वायर फ्रिजवरच्या जुन्या पडद्याकडे गेली होती आणि पडद्यावर आकडे धावत होते. खालून वर, न थांबता, कुणी मागे लागल्यासारखे.

"आई, हा हँग झालाय."

"हँग कशाला होईल? पाढे म्हणतोय," आई म्हणाली. तिचं लक्ष फोडणीच्या मिरच्यांकडे होतं. "हात धू. दहीपोहे कालवतेय."

आईचं हे असंच चालायचं. मिक्सर कुरकुरला की त्याला सर्दी झालेली असायची, गिझर रुसायचा, त्यामुळे डबा पाढे म्हणत असेल तर म्हणो बापडा, एवढाच विचार करून स्वरदाने हात धुतले.

बाबा आतून आले. गंगाधर गायधनी म्हणजे गंगेवरचे (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) जुने उपाध्याय. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंना उभा जन्म विधी सांगण्यात गेला, आता गुडघे दुखतात म्हणून निम्मे यजमान पुतण्याकडे सोपवलेले. पण संध्याकाळी गंगेवर एक चक्कर मारल्याशिवाय त्यांचा दिवस संपत नसे.

"माझी टोपी कुठंय?"

"कामावर आहे," आई म्हणाली.

"आणि मी उघड्या डोक्यानं जाऊ गंगेवर? निफाडला बघ काय पारा उतरलाय."

"निफाडला उतरलाय ना? तुम्ही काही निफाडला जात नाही आहात. मफलर गुंडाळा."

"बघ स्वरे, या घरात माझ्यापेक्षा दह्याला जास्त थंडी वाजते."

"तुम्ही काय, दोन दिवस गारठलात तरी तसेच राहता. दही बिघडतं."

बाबांनी मुकाट्याने मफलर गुंडाळला. जाता जाता टोपीवरून हात फिरवला. टोपी गरम आहे का बघत असावेत.

त्या डब्याची हकिगत अशी. आई, म्हणजे अनसूया गायधनी, एका सहकारी बँकेत काउंटरवर होती. बँकेने एका वर्षी सगळ्या टेबलांवरचे मोठे संगणक उचलून त्या जागी हे डबे ठेवले. कागदोपत्री त्यांचं नाव थिन क्लायंट. त्यांच्या पोटात स्वतःचं काही नसतं. सगळं काम आतल्या खोलीतला मोठा सर्व्हर करतो, डबा फक्त तिकडचं इकडे दाखवतो आणि बंद केला की दिवसभराचं सगळं विसरून जातो. आई म्हणायची, काउंटरवर बसायला याच्यासारखा माणूस नाही. कोण काय बोलून गेलं ते दुसऱ्या दिवशी याला आठवत नाही.

ती निवृत्त झाली त्याच सुमारास डबेही भंगारात निघाले. निरोप समारंभाला साहेबांनी विचारलं, बाई, तुम्हाला काय आवडेल, घड्याळ की चांदीची गणेशमूर्ती. आईने तिच्या टेबलावरचा डबा मागितला. साहेबांना आधी ती थट्टा वाटली. शेवटी मूर्तीही दिली आणि डबाही. आई रिक्षातून उतरली तेव्हा मूर्ती पर्समध्ये होती आणि डबा मांडीवर.

घरी आल्यावर त्याचं काय काय करून पाहिलं नाही. व्हिडिओ बघून बघून तिने पेनड्राइव्हवर त्याला चालेल अशी फुकटची प्रणाली बसवली आणि त्या दिवशी घरात शिरा झाला. मग तो टीव्हीला जोडून जुनी गाणी लावायला ठेवला, तर गाणं मधेच उचकी लागल्यासारखं अडायचं. दाराबाहेर कॅमेरा लावून त्याचा राखणदार केला, तर बाबा रोज बाहेर जाताना पडद्यातल्या बाबांना बघून थबकायचे. देवघराशेजारी तिथी-वार दाखवायला ठेवला, तेव्हा बाबांनी सत्याग्रह पुकारला. "मला तिथी हा सांगणार?" काही दिवस तर तो नुसता पापड वाळवताना कागदावर वजन म्हणून होता. स्वरदाने एका वाढदिवसाला आईला चांगला नवा टॅबलेट आणून दिला. आईने त्याला कुंकू लावलं, पुसलं आणि कपाटात शालीखाली ठेवला. "हा आयता आहे गं," ती म्हणाली. "याच्यात मला करायला काही उरलंच नाही."

अखेर डब्याचा उपयोग शोधून काढला तो शेजारच्या मांजरीने. मनी थंडीत येऊन त्याच्यावरच झोपायला लागली. आईने तिला उचललं, खाली हात लावून पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून मनीच्या जागी पातेलं आलं. नाशिकच्या डिसेंबरात दही लागणं म्हणजे नवस. डब्यावर ते दगडासारखं घट्ट लागायला लागलं.

पोहे खाताना आईने नेहमीचा प्रश्न विचारला.

"कसं लागलंय?"

स्वरदा महाविद्यालयात ग्रंथपाल होती. कुणीतरी सुट्टीच्या दिवशीही संदर्भग्रंथाबद्दल विचारत होतं आणि ती फोनवर उत्तर टाइप करत होती. "बरंय," ती म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावरून हाक आली आणि ठमाबाई वर आली. मखमलाबादच्या अंगाला तिच्या घरची थोडी शेती. मेथी, कोथिंबीर, शेवंती. दिवसभर गल्लोगल्ली फिरून पाटी रिकामी करायची आणि घरी जाताना इथे टेकायचं, ही तिची आणि आईची जुनी रीत.

"वहिनी, विरजण द्या बरं. दिवा लागायच्या आत द्या, मागून म्हणाल दिवेलागणीला नाय देत."

"तुझं कुठं गेलं?"

"वणीला गेलते देवीला. सुनबाईनं चार दिस दूधच नाय विरजलं. म्हनं, मला वाटलं ते आपोआप लागतं."

आई हसली. वाटीत कालच्या दह्यातले दोन चमचे काढले. हे विरजण तिच्या आईकडून आलेलं. लग्न करून मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधून निघताना तिने ते मांडीवरच्या डब्यात धरून आणलं होतं आणि तेव्हापासून कालच्यातून आजचं असं ते चालत आलं होतं. आळीतल्या अर्ध्या घरांत एके काळी तेच दही लागायचं, आता तिथेही पाकिटं आली होती.

"ताई नाय नेत का?" ठमाबाईने स्वरदाकडे हनुवटी उडवली.

"तिच्याकडे पाकिटाचं असतं."

"मग द्या की बळंच. लेकच हाय."

"न मागता दिलेलं विरजण लागत नाही ठमे. आणि न विचारता नेलेलं तर मुळीच नाही. मागेल तेव्हा देईन."

स्वरदा चहा पीत होती. तिने हे ऐकलं, पहिल्यांदा ऐकलं असंही नाही. इंदिरानगरच्या तिच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची आणि कुणाकडे काही मागायचं नाही ही तिने लावून घेतलेली शिस्त होती. खरं तर एकदोनदा तिने पाकिटातल्या दह्याचं विरजण लावून बघितलं होतं आणि दूध सकाळी जसंच्या तसं तिच्याकडे बघत होतं. पण चाळिशी उलटल्यावर आईला जाऊन सांगायचं की मला दही लावता येत नाही, हे राहून राहून राहिलं होतं.

निघताना आई जिन्याच्या तोंडाशी आली.

"काही देऊ का बरोबर?"

"नको गं. सगळं आहे."

"बरं," आई म्हणाली.

सोमवारी सकाळी बाबा पूजेला बसले होते, तेव्हा त्यांना दूध उतू गेल्याचा वास आला. त्या घरात दूध कधी उतू जात नसे. ते तसेच ओल्या हातांनी उठले. आई ओट्याजवळ खाली बसली होती, पाठ कपाटाला टेकून, जरा दम खायला बसावं तशी. डॉक्टर आले तेव्हा त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घर माणसांनी भरलं. सुतक लागलं. स्वरदा तिथेच राहायला आली आणि माणसं जे जे सांगत होती ते करत राहिली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, तर फ्रिजवरच्या पडद्यावर आकडे धावतच होते. बाहेर सगळं थांबलेलं आणि हा आपला चाललाय. तिला त्याचा राग आला असं नाही, पण ते बघवेना. हँग झालाय, असं मनाशी म्हणत तिने प्लग ओढला. पडदा काळा झाला. पातेलं तिथे नव्हतंच. सातपूरच्या आत्याने भलेपणाने ते रिकामं करून, घासून, पालथं घालून ठेवलं होतं. सुतकातलं दही कोण खाणार?

दहाव्याला सगळे गंगेवर जमले. पुतण्याने विधी सांगितला, कारण ज्या माणसाने हजारो घरांना 'आता पुढचं असं करा' म्हणून सांगितलं होतं तो माणूस दर थोड्या वेळाने पुतण्याकडे बघून विचारत होता, "आता पुढं काय?" पिंड ठेवला आणि लोक मागे सरले. कावळा शिवेना की घरचे पुढे होऊन मनातलं बोलतात, काळजी करू नकोस, अमुक करू, तमुक बघू. स्वरदाने काय बोलायचं याची आदल्या रात्री जुळवाजुळव केली होती. पण पानं मांडून होतात न होतात तोच कावळा आला आणि भात घेऊन गेला.

"तिला कुणाला ताटकळत ठेवणं आवडायचंच नाही," बाबा म्हणाले.

कुणालाच काही बोलावं लागलं नाही. जुळवलेलं तसंच घेऊन स्वरदा घरी आली.

तेरावा झाला. माणसं आपापल्या गावी गेली. स्वरदाने रजा वाढवली. बाबांचं खाणं मात्र सुटलं. म्हणजे ते वेळेवर पानावर बसत, वरणभात कालवत, आणि शेवटच्या दहीभातापाशी येऊन थांबत. स्वरदा पाकिटातलं दही वाढायची. ते एक घास घेत आणि ताट बाजूला सारत.

"चांगलं नाही का?"

"चांगलंय की. नाही कुठं म्हणतोय?" ते म्हणाले. "ओळख नाही एवढंच."

ते ऐकल्यावर स्वरदाला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की घरातलं काय गेलं. आई गेली हे कळायला अजून वेळ होता, ते एवढं मोठं होतं की त्याच्या कडा दिसत नव्हत्या. पण मनमाडहून निघालेलं ते दही आत्याने नळाखाली सोडलं, आणि मधली दोरी तुटली, हे मात्र मुठीत मावण्याएवढं होतं. दुःखावर तिने आजवर पुष्कळ वाचलं होतं. दही लावण्यावर ग्रंथालयात एकच पुस्तक होतं आणि ते कुणीतरी नेऊन परत केलेलं नव्हतं.

बुधवारच्या बाजारात, गंगेच्या काठी, ठमाबाई मेथीच्या जुड्या लावून बसली होती. स्वरदा समोर उकिडवी बसली. बराच वेळ जुड्या बघत राहिली.

"घ्यायची नाय तर पानं कशाला मोजता?" ठमाबाई म्हणाली.

"ठमाबाई, आईनं तुम्हाला विरजण दिलं होतं."

"दिलतं."

"आहे का अजून?"

ठमाबाईने जुडीवर पाणी शिंपडलं. "हाय. पन आमची म्हैस आटली ना ताई. आज-उद्याचं लागलं तेवढंच. मग मीबी तुमच्यासारखी पाकिटवालीच."

"मला थोडं द्याल?"

"मागितलंत ना. मग देईल," ठमाबाई म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "वहिनीचंच हाय ते. मी नुसतं सांभाळलं."

दुसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन आली. वाटी लहान होती आणि तळाशी चार चमचे दही होतं.

स्वरदाने सगळं आईसारखं केलं. दूध तापवलं, कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली. वाटीतलं निम्मं विरजण लावलं आणि निम्मं नीट झाकून ठेवलं, कारण आयुष्यात एकदम सगळं पणाला लावू नये एवढं ती वाचून शिकली होती. ओट्यावरचा डबा चालू केला. पडदा उजळला, एक रिकामी खिडकी उघडून आज्ञेची वाट बघत बसला. त्यावर पातेलं, पातेल्यावर ताटली, वरून बाबांची टोपी. बाबांनी टोपी न मागता आणून दिली.

सकाळी झाकण उघडलं तर दुधावर पातळशी साय आणि खाली दूध. आंबूस वास, बाकी दूध ते दूधच.

बाबांनी चमचा बुडवला, वर काढला. चमच्यावरून दूध ओघळून गेलं.

"थंडी फार आहे," ते म्हणाले.

"थंडी तेव्हाही होती. डबा चालू ठेवला होता ना मी रात्रभर."

बाबांनी पातेलं उचलून तिच्या हातात दिलं आणि डब्यावर तळहात टेकवला. तसाच ठेवून उभे राहिले. "हा कोमट पण नाही धड. तिच्या वेळी याच्यावर हात ठेववत नसे."

"मग ती काय करायची?"

"मला काय कळतंय त्यातलं? संध्याकाळी देवापुढं दिवा लावायची. मग ते स्टूल ओढून याच्यापुढं बसायची, दोन-तीन ओळी टाकायची. आणि म्हणायची, हं, म्हण रे आता पाढे."

स्वरदा पातेलं हातात धरून होती. ते तिने ओट्यावर ठेवलं.

"पाढे?"

"रिकामा बसला की गार पडतो म्हणायची. डोक्याला काम दिलं की तापतो. मी म्हटलं, माझं उलट आहे."

पडद्यावरच्या त्या धावणाऱ्या ओळी स्वरदाच्या डोळ्यांपुढे आल्या. आई थट्टा करत नव्हती. विचारलं ते तिने साधं, सरळ सांगितलं होतं. थंडीत दही लागावं म्हणून बँकेतून निवृत्त झालेल्या एका डब्याला ती रोज संध्याकाळी पाढे म्हणायला बसवत होती, जसं लहानपणी स्वरदाला दिवेलागणीला बसवायची तसं. आणि तो इमानाने म्हणत राहिला. सोमवारी, मंगळवारी, घरात माणसं रडत असताना, त्याला थांब म्हणणारं कुणी आलं नाही म्हणून.

"बाबा, तो मी बंद केला. मला वाटलं अडकलाय."

"बरं," बाबा म्हणाले. "मग आता चालू कर."

पण ते तसं सोपं नव्हतं. डबा विसरणारा होता. आई रोज टाकायची त्या ओळी त्याच्यात कुठेही उरलेल्या नव्हत्या, त्या आईच्या डोक्यात होत्या. स्वरदाने जेवणानंतर स्टूल ओढलं. ग्रंथालयाच्या कामापुरता संगणक तिला येत होता, त्याला हुकूम कसे सोडतात हे कधी शिकण्याची वेळ आली नव्हती. ती फोनवर शोधत बसली, एकेक ओळ टाकत बसली. डबा सारखा सांगायचा की मला हे समजलं नाही. एकदा कंस राहिला, एकदा मोकळी जागा जास्त पडली. आईचे जाड भिंगांआडचे डोळे, काउंटरवर बोटं झिजलेली, आणि ती साठीच्या पुढे हे एकटी शिकली. कुणालाही न विचारता. कुणाला विचारणार होती? लेकीने टॅबलेट आणून दिला होता.

चहाच्या वेळी तिला जमलं. दोनापासून तिसापर्यंतचे पाढे. तिने बटण दाबलं, पडद्यावर आकड्यांचा एक लोट उठला आणि थांबला.

"झाले?" बाबांनी मागून विचारलं.

"झाले."

"तिसापर्यंत?"

"तिसापर्यंत."

"आमच्या शाळेत एकोणतिसाला पोरं रडायची," बाबा म्हणाले. त्यांनी डब्याला हात लावला. "घाम पण नाही फुटला याला."

स्वरदा हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे तो आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. मग लक्षात आलं की आईचंही पहिल्या दिवशी हेच झालं असणार. तिसापर्यंत म्हणून मोकळा झालेल्या डब्याकडे बघून आई काय म्हणाली असेल, तेही तिला ऐकू आलं. तेवढ्यानं सुटका नाही हं, पुढं म्हण.

तिने शेवटची ओळ बदलली. तिसापाशी थांबायचं काढून टाकलं. एकतीस, बत्तीस, शंभर, हजार, म्हणत राहा, कुणी थांब म्हणेपर्यंत.

आकडे धावायला लागले. खालून वर, न थांबता. बाबा देवापुढे दिवा लावत होते तेव्हा तिने डब्यावर हात टेकवला. ऊब आली होती. थोड्या वेळाने हात उचलावा लागला. खिडकीतून मनी आत आली, ओट्यावर चढली, पातेलं बघून नाराज झाली आणि डब्याच्या कडेला अंग लावून बसली. तिला काय कळायचं ते कळलं होतं.

राहिलेलं सगळं विरजण स्वरदाने दुधात घातलं. आता मागे ठेवायला काही नव्हतं. टोपी ओढून बसवली.

सकाळी तिच्या आधी बाबा उठले होते, पण पातेल्याला त्यांनी हात लावला नव्हता. स्टुलावर बसून आकडे बघत होते.

"कुठपर्यंत आलाय?" तिने विचारलं.

"माझ्या हिशोबापलीकडं गेला. तू उघड."

तिने टोपी काढली, ताटली उचलली. पातेलं जरा कलतं केलं. दही हललं नाही. चमचा घातला तर दह्याची कड चाकूने कापल्यासारखी उभी राहिली.

बाबांना धीर नव्हता. त्यांनी सकाळीच भात टाकायला लावला. मग पानावर बसले, वरण नको म्हणाले, आणि नुसता दहीभात कालवून खाली मान घालून खाल्ला. दुसऱ्यांदा घेतला. बोटं चाटली. स्वरदाने काही विचारलं नाही. आई असती तर विचारलं असतं, कसं लागलंय, असं मनात आलं आणि ती उठून खिडकीशी गेली.

सोमवारपासून ग्रंथालयात रुजू व्हायचं होतं. रविवारी संध्याकाळी तिने पिशवी भरली. बाबांना त्या ओळी टाकायला शिकवलं होतं. ते एका बोटाने, मंत्र म्हणावा तसे पुटपुटत त्या टाकत आणि शेवटी डब्याकडे बघून बजावत, "हं, म्हण." आपण येत राहू, हे तिने सांगितलं. ते म्हणाले, "ये की. दही खायला ये."

दिवा लागायला अजून वेळ होता. तिने मांडणीवरून आईचा झाकणाचा लहान डबा काढला, पातेलं उघडलं, चमचा हातात घेतला आणि तिचा हात थांबला.

"घे ना," बाबा दारातून म्हणाले. हातात टोपी होती. "आपलंच आहे."

"विचारलं नाही अजून."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग गंगेवर जाऊन येतो असं नुसतं खुणेनं सांगून ते जिना उतरले. त्यांची पावलं खालपर्यंत ऐकू आली.

स्वयंपाकघरात डबा पाढे म्हणत होता. ओट्याजवळ, कपाटापुढे, जिथे आई उभी असायची ती जागा रिकामी होती. स्वरदा त्या जागेसमोर उभी राहिली. दहाव्याला जुळवलेल्या शब्दांतला एकही शब्द आता कामाचा नव्हता.

"आई," ती म्हणाली, "मला दही लावता येत नव्हतं गं. थोडं विरजण देतेस?"